उसण भरली, मान धरली: पहिल्या तासापासून पंधरवड्यापर्यंत काय करायचं

मी पायाळू. जन्मताना माझे पाय आधी बाहेर आले आणि तेवढ्यावरून गावात माझं एक काम ठरून गेलं. कुणाच्या पाठीत उसण भरली की तो माणूस कंबरेवर हात ठेवून, एका अंगाला झुकत आमच्या ओसरीवर यायचा. आजी घोंगडी अंथरायची, तो पालथा पडायचा आणि सहा-सात वर्षांची मी उजव्या पायाची टाच त्याच्या पाठीला लावायचे. लाथ नाही, नुसता स्पर्श. "हळू गं, दुखावू नको त्याला," असं आजी दर वेळी बजावायची. मग तो थोडा वेळ तसाच पडून राहायचा. आजी तव्यावर कापड गरम करून शेक द्यायची, त्याला कुशीवर वळवून सावकाश उठवायची आणि चहा पाजून घरी धाडायची. जाताना बरेचजण म्हणायचे, "मोकळं वाटतंय."

आज मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्या टाचेत काही गुण होता असं मी मानत नाही. पण त्या ओसरीवर बाकी जे घडायचं, म्हणजे आडवं होणं, शेक, घाई न करता उठणं आणि कुणीतरी धीर देणं, ते जवळजवळ सगळं मी अजूनही करते. उसण भरल्यावर माणसं दोन टोकाच्या चुका करतात. एक तर झटका देऊन 'मोकळी' करायला जातात, नाहीतर आठवडाभर अंथरुणाला खिळून राहतात. या दोन्हींच्या मधली वाट कशी चालायची ते इथे सविस्तर सांगते.

आत नेमकं काय होतं

मान आखडते, अवघडते, धरते. पाठीत उसण भरते, चमक निघते, कंबर धरते. इंग्रजीत या सगळ्याला 'क्रिक' हा एकच आखूड शब्द आहे. आपल्याकडे जागेप्रमाणे आणि कळेप्रमाणे वेगळे शब्द आहेत, आणि रुग्ण कुठला शब्द वापरतो त्यावरून मला बरंच कळतं. 'चमक' म्हणणाऱ्याला हालचालीसरशी क्षणभर कळ येते. 'धरली' म्हणणाऱ्याचा स्नायू सतत ताठ असतो.

मानेत ७ मणके असतात आणि त्यांच्यावर साडेचार-पाच किलोचं डोकं तोललेलं असतं. कंबरेत ५ मणके. मणक्यांच्या मागच्या बाजूला लहान लहान सांधे असतात. त्यातला एखादा वेड्यावाकड्या झोपेने चिडला किंवा एखाद्या स्नायूला अचानक ताण बसला, की आजूबाजूचे स्नायू त्या जागेची हालचाल थांबवण्यासाठी आवळून घेतात. आवळलेला स्नायू स्वतःच दुखू लागतो. दुखतं म्हणून आपण अंग आणखी ताठ धरतो आणि ताठ धरलं की आणखी दुखतं. कळ भयंकर असते, पण बहुतेक वेळा आत काही तुटलेलं किंवा निसटलेलं नसतं. घरात फार जोरात वाजणाऱ्या गजराची उपमा मी रुग्णांना देते. गजर खरा असतो, पण आवाज मोठा म्हणून चोरीही मोठी असते असं नाही.

सुरुवात करण्याआधी एवढं तपासा

पुढचे उपाय साध्या उसणीसाठी आहेत. खालीलपैकी काही असेल तर शेक-बिक बाजूला ठेवा आणि थेट डॉक्टर गाठा.

मान आखडली आहे आणि सोबत ताप, जोराची डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणं किंवा ग्लानी आहे, हनुवटी छातीकडे नेताच येत नाही: हा मेंदूज्वर असू शकतो. इथे तास मोजायचे असतात, दिवस नव्हे. लहान मुलाची मान ताप आणि घसादुखीसोबत धरली असेल, त्याला गिळता येत नसेल, तरी थांबू नका.

मानेत किंवा डोक्याच्या मागे आजवर कधी न आलेली कळ अचानक आली आणि त्यासोबत चक्कर, बोबडं बोलणं, एकाचे दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, तोल जाणं असं काही आहे: तडक मोठ्या रुग्णालयात.

दुखणं छातीतून मान, जबडा किंवा हाताकडे जातंय, घाम फुटलाय, दम लागतोय: ही उसण नव्हे. हृदयाचा विचार आधी. मधुमेही माणसांनी आणि बायकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं, कारण त्यांच्यात छातीत दुखल्याशिवायही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

कंबर धरली आहे आणि लघवी होत नाही किंवा कळत नाही, शौचावर ताबा राहिला नाही, मांड्यांच्या मधली, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणारी जागा बधिर झाली आहे, पायातली ताकद चालली आहे: मज्जारज्जूच्या खालच्या टोकाच्या नसांवर दाब येत असू शकतो. त्याच दिवशी शस्त्रक्रिया करावी लागू शकते. लाजेपायी ही लक्षणं सांगायची राहून जातात, म्हणून मी प्रत्येकाला स्वतःहून विचारते. तुम्हीही घरच्यांना स्पष्ट विचारा.

पडल्यानंतर किंवा गाडीच्या अपघातानंतर दुखतंय, पूर्वी कर्करोग होऊन गेला आहे, बरेच दिवस स्टेरॉईड चालू आहेत, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आहे: तपासणी हवीच. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं आणि आठवडे न हटणारी पाठदुखी असं एकत्र असेल तर मणक्याच्या क्षयाची शंका घ्यायला हवी. आपल्या देशात हा आजार अजूनही बऱ्यापैकी दिसतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची पाठ नुसत्या खोकल्याने किंवा बादली उचलल्याने धरली तर ठिसूळ झालेला मणका दबला नाही ना, हे बघून घ्यावं.

आणखी एक गोष्ट, फारशी कुणाला माहीत नसलेली. उलटी थांबवण्याच्या काही औषधांनी, विशेषतः तरुण मुलामुलींमध्ये, काही तासांत मान एका बाजूला वळून अडकते, कधी जीभ आणि जबडाही ओढला जातो. घरचे घाबरून भलतेसलते उपाय सुरू करतात. कोणती गोळी किंवा इंजेक्शन दिलं होतं ते डॉक्टरांना सांगा. योग्य औषध मिळालं की मान लवकर सुटते.

मान धरली असेल तर

गेल्या पावसाळ्यात एक भाजीवाली मावशी आल्या. दारातून शिरताना त्यांचं डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं, एका हाताने जबडा सावरलेला. मी हाक मारली तर मान वळेना, म्हणून पायांपासून अख्खं अंग माझ्याकडे वळवलं. पहाटे बाजारात जाताना टेम्पोत डुलकी लागली होती आणि जागं होताना मान तशीच राहिली होती. त्यांना मी जे करायला लावलं, तेच क्रमाने सांगते.

पहिली गोष्ट, दर पाच मिनिटांनी "अजून दुखतंय का" म्हणून मान वळवून बघू नका. प्रत्येक चाचपणीने स्नायू पुन्हा आवळतो.

आधी शेक घ्या, मग उताणे झोपा. डोक्याखाली पातळ उशी किंवा दुमडलेली चादर. डोक्याचं ओझं उशीवर गेलं की मानेच्या स्नायूंना सुट्टी मिळते. दोन-तीन मिनिटं नुसता श्वास घ्या, सोडतानाचा श्वास लांबवा. खांदे कानांकडे चढलेले असतात, ते उशीपासून खाली सोडा.

आता डोकं न उचलता, उशीवर लाटण्यासारखं घरंगळवा. आधी ज्या बाजूला दुखत नाही त्या बाजूला, मग मधे, मग दुखऱ्या बाजूला. दुखऱ्या बाजूला पहिली ओढ जाणवेल तिथे थांबा आणि परत या. असं दहा वेळा. ओढ चालेल, कळ नको.

यानंतरची युक्ती मला फार आवडते. डोकं स्थिर ठेवून फक्त डोळे दुखऱ्या बाजूला न्या, कानाच्या पलीकडचं काही बघायचंय असं. तीन श्वास तसेच राहा, मग डोळ्यांच्या मागोमाग डोकं जाऊ द्या. डोळ्यांची आणि मानेची हालचाल एकमेकांशी बांधलेली असते. डोळे वळले की मानेचे त्या बाजूचे स्नायू तयार होतात आणि विरुद्ध बाजूचे सैल पडतात. मावशींची मान पहिल्या प्रयत्नात जेमतेम दोन बोटं वळत होती. चौथ्या खेपेला त्यांना बाजूच्या भिंतीवरचं घड्याळ दिसलं. "अकरा वाजले?" असं त्यांनी विचारलं, तोवर मान वळल्याचं त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

यानंतर बसून हलका रेटा. दुखऱ्या बाजूच्या गालावर तळहात ठेवा. डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला अगदी हलकं रेटा, दोन्ही सारखंच, म्हणजे डोकं जागचं हलणार नाही. जोर किती? पिकलेला टोमॅटो फुटणार नाही इतकाच. पाच आकडे मोजा, सोडा, श्वास टाका आणि मग मान त्या बाजूला जेवढी सहज जाईल तेवढी वळवा. चार-पाच वेळा पुरे.

हे सगळं दिवसभरात दर दोन तासांनी पाच मिनिटं करा. एकदाच अर्धा तास करण्यापेक्षा थोडं थोडं वारंवार करणं जास्त गुणाचं.

दुसऱ्या दिवसापासून भर घाला. खांदे कानांपर्यंत उचला, पाच मोजा, एकदम सोडून द्या. खांदे मागून पुढे, पुढून मागे फिरवा. भिंतीला पाठ टेकून बसा आणि हनुवटी आत ओढा. खाली वाकवायची नाही, सरळ मागे न्यायची, जणू समोरच्याने चमचा तोंडाजवळ आणलाय आणि तुम्ही मागे सरताय. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळ ओसरली की दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध काखेकडे बघा. म्हणजे उजवी बाजू धरली असेल तर नाक डाव्या काखेकडे न्या आणि वीस आकडे थांबा. मानेपासून खांद्याच्या फऱ्यापर्यंत जाणारा स्नायू यात ताणला जातो. मान धरते तेव्हा बहुतेक वेळा दुखण्याचं मूळ तिथेच असतं. डोक्यावर हात ठेवून ओढू मात्र नका.

अंथरुणातून उठताना मान उचलत उठू नका. कुशीवर वळा, हाताने डोक्याला आधार द्या, पाय खाली सोडा आणि दुसऱ्या हाताच्या रेट्याने बसा. डोकं धुवायचं असेल तर खाली वाकून नको, उभं राहून पाणी मागून ओता. दुचाकी चालवू नका. मागची गाडी बघायला मान वळत नसेल तर तुम्ही तुमच्यासाठीही धोका आहात आणि दुसऱ्यासाठीही.

कंबरेत किंवा पाठीत उसण भरली असेल तर

ही बहुधा वाईट वेळी भरते. वाकलेलो असतो, हातात बादली किंवा मूल असतं आणि कळ श्वासच रोखून धरते. अशा वेळी एकदम सरळ व्हायचा प्रयत्न करू नका. हातातलं खाली टेकवा. ओटा, खुर्ची किंवा स्वतःच्या मांड्या धरा. गुडघे वाकवून हळूहळू जमिनीवर या आणि लागलंच तर रांगत गादीपर्यंत जा. रांगण्यात लाज कसली? त्या स्थितीत कंबरेवरचा भार उभं राहण्यापेक्षा कमी होतो.

उताणे पडून पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगावर ठेवा, म्हणजे मांड्या आणि गुडघे दोन्ही काटकोनात येतील. हे सोसत नसेल तर कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. दहा-पंधरा मिनिटं पोटाने श्वास घ्या. बहुतेकांना इथेच पहिला उतार पडतो.

मग पाय खाली घ्या, तळवे जमिनीवर, गुडघे वर. कंबरेखालची पोकळी जमिनीला चिकटवायची आणि सोडायची, अगदी अर्ध्या इंचाची हालचाल. दहा वेळा. त्यानंतर दोन्ही गुडघे जोडून डावीकडे-उजवीकडे झुलवायचे, आधी दोन-दोन इंच, मग जमेल तसं. शेवटी एक-एक गुडघा हातांनी छातीकडे. दुसरा पाय वाकलेलाच ठेवा. यातल्या एखाद्या हालचालीने दुखणं पायात उतरू लागलं तर ती सोडून द्या.

उठताना पुन्हा कुशीवर. खांदा आणि कंबर एकदम वळली पाहिजे, ओंडका लोळतो तशी. पाय पलंगाखाली सोडताना हाताने वर रेटा. बसल्यावर लगेच उभे राहू नका, दोन श्वास थांबा.

आणि मग चाला. दर तासाला घरातल्या घरात पाच मिनिटं, काठी लागली तर काठी घेऊन. 'पूर्ण आराम' हा सल्ला एके काळी डॉक्टरही देत. पण १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या १८६ महापालिका कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात काहींना दोन दिवस अंथरुणात झोपवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले आणि काहींना सोसेल तेवढी रोजची कामं करत राहायला सांगितलं. रोजच्या कामात राहिलेले सगळ्यांत लवकर बरे झाले. सोसेल तेवढं, हे शब्द महत्त्वाचे. जड उचलणं, वाकून केर-फरशी, धक्के खात प्रवास हे पहिल्या आठवड्यात नको.

बारीकसारीक अडचणींबद्दल कुणी विचारत नाही, पण त्रास त्यांचाच होतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात बसणं जमत नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. पोट साफ राहील असं खा, पाणी प्या, कारण कुंथल्याने कळ वाढते. शिंक येतेय असं वाटलं की बसलेले असाल तर उभे राहा, भिंतीला हात टेका, गुडघे किंचित वाकवा आणि पाठ सरळ ठेवून शिंका. पुढे वाकून शिंकल्याने उसण पुन्हा भरलेली मी कितीतरी माणसं पाहिली आहेत. सकाळी मोजे, पायजमा घालताना बसून घाला, पाय उचलून जवळ आणा. पट्टा लावायचाच तर प्रवासापुरता, झोपताना काढायचा आणि आठवड्याभरात सोडून द्यायचा.

शेक

उसणीला उष्णता मानवते. ताजा मार लागून सूज आली असेल तर पहिल्या दिवशी बर्फ, एरवी शेक. रबरी पिशवीत उकळतं पाणी ओतू नका. दोन-तृतीयांश भरा, वरची हवा दाबून काढा, टॉवेलात गुंडाळा. एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पिशवी नसेल तर जाड मीठ तव्यावर भाजून सुती कापडात पुरचुंडी बांधा, आधी स्वतःच्या मनगटावर लावून बघा. निर्गुडीचा पाला गरम करून बांधायची पद्धत गावोगाव आहे. तेल लावून, वाफवलेल्या पाल्याचा ओलसर शेक अनेकांना कोरड्या पिशवीपेक्षा बरा वाटतो. आमच्या परसात निर्गुडी होती म्हणून असेल, पण मलाही तोच आवडतो.

बाम किंवा वेदनाशामक जेल चोळून त्यावर गरम पिशवी ठेवू नका. कातडी भाजते, फोड येतात. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झाली असेल त्यांचा शेक दुसऱ्याने तापमान बघून द्यावा. पिशवी पाठीखाली घेऊन झोपी जाऊ नका.

मालिश हवं असेल तर कोमट तेलाने, बोटांच्या पेरांनी नव्हे तर तळव्याने, सावकाश. मणक्याच्या हाडावर दाब नको, बाजूच्या मांसावर चालेल.

गोळ्यांबद्दल

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्यांनी थोडे दिवस उतार पडतो. पण मूत्रपिंडाचा, पोटातल्या अल्सरचा किंवा हृदयाचा आजार असेल, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पावसाळ्यात एक काळजी जास्त घ्यायची. ताप असेल तर या गोळ्या टाळा, कारण तो डेंगी निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित, पण कंबरेच्या उसणीत तिचा फारसा उपयोग होत नाही. ऑस्ट्रेलियात १,६५२ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅरासिटामॉल घेणारे आणि औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणारे साधारण सारख्याच दिवसांत बरे झाले. औषधाच्या दुकानात 'स्नायू सैल करणारी' म्हणून जी मिश्र गोळी हातात पडते तिच्याने गुंगी येऊ शकते. ती घेऊन गाडीवर बसू नका, आणि तिच्यात आणखी काय आहे ते न वाचता दुसरी वेदनाशामक गोळी जोडीला घेऊ नका.

हे कुणालाही करू देऊ नका

केशकर्तनालयात दाढीनंतर मान 'कट्ट' करून मोडून घ्यायची सवय असलेले लोक मान धरली की तिथेच धावतात. यावर मी रागावते, आणि मनापासून रागावते. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात आणि त्यांतून मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या वर जातात. झटक्याने मान पिळली तर धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात. असं क्वचित होतं, पण तरण्याताठ्या माणसाच्या बाबतीतही होतं. चार दिवसांत आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यासाठी हा धोका का पत्करायचा?

तसंच पाठीवर कुणाला उभं करून तुडवून घेणं, दोघांनी हात-पाय धरून ओढणं, मानेवर जोर लावून लाटणं फिरवणं. म्हाताऱ्या माणसाच्या ठिसूळ हाडांना यातलं काहीच सोसणारं नाही. पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा असेल तर घ्या, माझी हरकत नाही. फक्त तो माझ्या आजीच्या नियमाने लावलेला असावा. उशी उन्हात टाकायचा उपायही खुशाल करा. उन्हात टाकल्यावर ती बसली आहे की फुगली, गाठी झाल्यात का, हे तरी बघितलं जातं.

किती दिवस लागतात

आखडलेली मान बहुतेकदा तीन ते सात दिवसांत सुटते, कधी पंधरवडा लागतो. कंबरेची उसण पहिले दोन-तीन दिवस जोरात असते, दोन आठवड्यांत बरीच उतरते आणि थोडी ठसठस सहा आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकते. उतार रोज सारखा नसतो. चौथ्या दिवशी बरं वाटून पाचव्या दिवशी पुन्हा धरणं नेहमीचं आहे, त्याने घाबरू नका. मात्र मान आठवडाभरात जराही हलली नाही, कंबर दोन-तीन आठवड्यांत सुधारली नाही, किंवा हाता-पायात मुंग्या आणि बधिरपणा उतरला, तर दाखवून घ्या.

पहिल्याच दिवशी एमआरआयचा आग्रह धरू नका. काहीही दुखत नसलेल्या हजारो माणसांच्या तपासण्यांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. म्हणजे अहवालात 'झीज' आली तरी तुमची आजची उसण तिच्यामुळेच, असं होत नाही. 'गादी सरकली' हे शब्द मनात घर करतात आणि पुढची दोन-दोन वर्षं माणूस वाकायला भितो. ती भीती घालवायला मला उसण घालवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

पुन्हा भरू नये म्हणून

उशीचं माप स्वतःच्या अंगावरून घ्या. कुशीवर झोपत असाल तर खांद्याच्या टोकापासून कानापर्यंत जेवढं अंतर, तेवढी दबलेल्या उशीची जाडी. उताणे झोपत असाल तर त्याच्या निम्म्याने पुरे. घरातल्या कुणाला तरी मागून बघायला सांगा: कुशीवर झोपल्यावर नाक, हनुवटी आणि छातीची मधली रेघ एका ओळीत हवी. पालथं झोपलात की रात्रभर मान एका बाजूला पिळलेली राहते. ज्यांची मान वरचेवर धरते त्यांनी आधी ही सवय सोडायचा प्रयत्न करावा.

गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचं वजन साधारण तेवढंच, म्हणजे भरलेला सिलिंडर जवळपास ३० किलोंचा. तो उचलू नका. एका बाजूला कलता करून बुडाच्या कड्यावर गोल फिरवत न्या. पाण्याचा २० लिटरचा जार लावायला दोघं लागतात, एकटीने शौर्य गाजवायची गरज नाही. उचलायचंच असेल तेव्हा वस्तूच्या अगदी जवळ जा, गुडघे वाकवा, वस्तू पोटाशी धरा आणि वळताना कंबर न पिळता पावलं फिरवा. सकाळी उठल्याउठल्या वाकून जड काम नको. रात्रभरात मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यांना अर्धा-पाऊण तास द्या.

फोन छातीपाशी नव्हे, डोळ्यांसमोर. कोपराखाली उशी घ्या म्हणजे हात दुखणार नाही. लॅपटॉपवर दिवस काढणाऱ्यांनी चार जाड पुस्तकांवर तो ठेवून वेगळा कीबोर्ड लावावा आणि दर अर्ध्या तासाने उठून खिडकीपर्यंत जाऊन यावं.

रात्रीच्या एसटीत किंवा टेम्पोत झोप लागणारच. बाजारात मिळणारी गळ्यातली उशी नसली तरी चालतं. मोठा टॉवेल लांबट गुंडाळा, त्याचा मधला भाग मानेच्या मागे नको, हनुवटीखाली येऊ द्या आणि टोकं मागे खोचा. डोकं पुढे पडतं ते हनुवटीपाशी अडतं, बाजूला पडतं ते खांद्यावरच्या जाडीवर टेकतं. भाजीवाल्या मावशी आता पहाटे टेम्पोत चढताना नातवाचा जुना निळा टॉवेल असाच गुंडाळून घेतात आणि बाजारात उतरल्यावर त्याचीच चुंबळ करून डोक्यावर ठेवतात.